नऊ वाजताचं ताक

अक्का,

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की तुम्हाला मी मारलं. आता तसं वाटत नाही. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

माझ्या पंकजच्या कॉलेजच्या एका वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. वही पिठाच्या डब्यामागे ठेवते. कुणी वाचायचं नाही, तुम्ही सोडून. तुम्हीच म्हणायचात, "सुमन, तुला बोलता येत नाही तर लिहीत जा. चौथीपर्यंत गेलेल्या बाईला बाराखडी येते ना? मग झालं." तेव्हा मी हसून कणीक मळत बसायचे. आता लिहायला बसले आहे तर तुम्ही नाहीत. तुमच्यासमोर लिहायची हिंमत मला झालीच नसती, हेही खरं.

अठरा वर्षांपूर्वी तुम्ही पेपर मिलच्या कॉलनीतली शाळा सोडून राजपुऱ्यात आमच्याकडे राहायला आलात. दोन पेट्या पुस्तकांच्या, एक कपड्यांची, आणि हातात कापडात गुंडाळलेलं थर्मामीटर. मला तुमची फार भीती वाटायची. मोठी नणंद, लग्न केलेलं नाही, तीस-पस्तीस वर्षं पोरींना विज्ञान शिकवलेलं. ही बाई माझ्या स्वयंपाकघरात काय काय चुका काढेल, या धास्तीने पहिला महिना मी तुमच्याशी पाच वाक्यंही बोलले नाही. "चहा ठेवू का अक्का," "पाणी तापलं अक्का," बस.

आणि तुम्ही पहिली चूक काढलीत ती माझ्या तोंडाची.

माझ्या ओठांचे दोन्ही कोपरे तेव्हा कायम चिरलेले असायचे. जांभई दिली तरी रक्त यायचं. मी पदर तोंडाशी धरून वावरायचे, लोकांना वाटायचं लाजते. लाजायचेही मी, पण निम्मा पदर त्या चिरांसाठी होता. इतक्या वर्षांत घरात ते कुणाला दिसलं नव्हतं. तुम्ही ताटावर बसल्या बसल्या म्हणालात, "पदर काढ. बघू."

मी काढला. तुम्ही चष्मा वर सरकवून पाहिलंत.

"दही खातेस का?"

"हो."

"कधी खातेस?"

मी पदर पुन्हा तोंडाशी नेला. दही रोज लागायचं आमच्याकडे, म्हशीच्या दुधाचं, सुरीने कापावं असं. पण पंकजला वाटी, तुमच्या भावाला वाटी, पाहुणा आला तर त्याला, आणि शेवटी पातेलं विसळून त्या पाण्यात पीठ भिजवायचं. माझ्या वाट्याला दह्याचा वास यायचा.

"ब-दोन जीवनसत्त्व कमी पडलं की असे कोपरे फाटतात," तुम्ही म्हणालात. "दुसऱ्या कारणांनीही फाटतात, पण आधी हे करून पाहू. दूध-दह्यात ते असतं. ब-बारा पण असतं, आणि आपण अंडं-मटण खात नाही, म्हणजे आपल्याला ते मिळायची जागा हीच. आणि तू ते सगळ्या गावाला वाटून मोकळी."

पुढच्या आठवड्यात तुम्ही बाजारातून एक स्टीलची वाटी आणलीत. तिच्यावर टिंबांनी नाव घातलेलं होतं, 'सुमन'. आमच्या घरातल्या हांड्यापासून चमच्यापर्यंत सगळ्यावर सासूबाईंचं नाव आहे, नाहीतर यांचं. माहेरून आलेल्या पाच भांड्यांवर बाबांचं. माझं नाव भांड्यावर पहिल्यांदा त्या दिवशी पाहिलं. तुम्ही कडक आवाजात सगळ्यांना सांगितलंत, "दही लागलं की पहिली ही वाटी भरायची. या वाटीला कुणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे."

तुमचे भाऊ म्हणाले, "अक्का, शाळा सुटली तुझी, आता तरी छडी ठेव."

"छडी ठेवली. वाटी आणली," तुम्ही म्हणालात.

पण मला कुणासमोर खाता येत नाही हे तुम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. वाटी घेऊन मी अर्धा तास ओट्यापाशी नुसती उभी होते. पेपर उघडून भिंतीकडे तोंड करून बसलात. मी खाल्लं. त्यानंतर अठरा वर्षं रोज नऊ वाजता हेच. मी वाटी घेतली की तुम्ही पेपर घेऊन पाठ करायचात, आणि मी तुमच्या हातात ताकाचा पेला दिला की मीही सरळ आत जायचे, तुम्ही पिताना बघत उभी राहायचे नाही. तुम्ही मला तेवढी मोकळीक दिली होती, म्हणून मी तुम्हाला देत होते. हे आपण कधी ठरवलं नाही. पण अक्का, सगळं झालं ते यातूनच.

महिनाभरात माझे ओठ भरून आले. पदराची सवय राहिली.

दह्यावरून आपण किती भांडलो. मी आणि भांडण, दुसऱ्या कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही. तुमच्याशीच काय ती भांडले. दूध कोमट झालं का हे मी करंगळी बुडवून बघायचे, माझी आई बघायची तशी. तुम्ही थर्मामीटर घेऊन यायचात. "बोटाला काय कळतं? आकडा बघ." मग दोन पातेल्यांत लावलं, एक तुमचं आकड्याचं, एक माझं करंगळीचं. तुमच्याला तार सुटायची किंवा ते आंबट व्हायचं, आणि माझं असं लागायचं की पातेलं उलटं धरावं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या सुमनच्या हाताला दही आहे. तुम्ही चिडायचात. "हाताला काही नसतं. जंतू असतात. दुधातली साखर खातात, आंबट सोडतात, दूध घट्ट होतं. त्यात हात कुठून आला?"

"करंगळी बुडवली तिथून," मी म्हणाले होते.

तुम्ही थर्मामीटर पुसत म्हणालात, "बोटावरचेही जंतू जातात म्हणा, यावर विचार केला पाहिजे." तो विचार तुम्ही पुरा करून सांगितला नाहीत. हात की जंतू, हे आपलं तसंच राहिलं.

आणि ती निवळी. चक्का बांधला की खाली जे पाणी जमतं ते मी तुळशीच्या बाजूला मोरीत ओतत होते. तुम्ही हात धरलात. काचेच्या पेल्यात ती निवळी घेतलीत, उजेडासमोर धरलीत. "रंग कसा आहे?"

"पिवळा. थोडा हिरवट."

"तो हिरवट रंग म्हणजे ब-दोन. ज्याच्यावाचून तुझं तोंड फाटलं होतं, ते तू मोरीला पाजते आहेस."

तेवढ्यावर थांबला नाहीत. दोन पेले भरलेत. एक कपाटात ठेवलात, एक गच्चीवर उन्हात. संध्याकाळी दोन्ही शेजारी ठेवून मला बोलावलंत. उन्हातल्याचा रंग उडाला होता. "उजेडाने मरतं ते. म्हणून दूध-दही उघड्यावर उन्हात ठेवायचं नाही. आणि तू थंडीत दह्याचं पातेलं गच्चीवर नेतेस."

मी खूप वेळ विचार केला. मग भीत भीत म्हणाले, "पण अक्का, पातेलं स्टीलचं आहे. वर झाकण असतं. स्टीलमधून ऊब जाते, उजेड कसा जाईल?"

मला वाटलं आता ओरडणार. तुम्ही यांना हाक मारलीत. "अरे इकडे ये, तुझ्या बायकोने मला नापास केलं!" आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तुम्ही ते सांगत होतात आणि मी आत लपून बसत होते. पण लपून ऐकतही होते.

जे खरं नाही ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. हे मी आत्ताच्या दिवसांत फार आठवलं. गल्लीतल्या सुनांनी मोबाइलवर पाहिलं होतं की दह्यात अँटिऑक्सिडंट असतात, रोज खाल्लं तर म्हातारपण येत नाही. मी तुम्हाला तो शब्द विचारला. तुम्ही केळं कापलंत. दोन चकत्या उघड्या ठेवल्यात, दोन दह्यात बुडवल्यात. थोड्या वेळाने उघड्या काळ्या पडल्या, दह्यातल्या बऱ्याच पांढऱ्या होत्या.

"हवेतल्या प्राणवायूने केळं काळं पडतं, लोखंड गंजतं, तेल खवट होतं. आपल्या शरीरातही त्या जातीचं काही चालतं. ते जे अडवतं त्याला म्हणायचं अँटिऑक्सिडंट. दूध विरजलं की जंतू त्यातली प्रथिनं तोडतात आणि काही तुकडे निघतात, त्यांच्यात तो गुण असतो म्हणतात."

"म्हणजे सुना खरं बोलतात?"

"थांब. केळं पांढरं राहिलं ते दह्याच्या आंबटपणानेही राहिलं आणि हवा अडली म्हणूनही. आणि काचेच्या नळीत जे दिसतं ते पोटात किती होतं, ते नक्की माहीत नाही. दही चांगलं आहे. पण म्हातारपण येणार. माझ्याकडे बघ, रोज खाते."

आणि हसलात. मग मी विचारलं होतं की विरजताना जीवनसत्त्वं वाढतात का. तुम्ही सांगितलंत की काही जंतू फोलेट तयार करतात, काही तेच खाऊन टाकतात, ब-बारा तर थोडं कमीच होतं. मी म्हणाले, "म्हणजे आपल्या आधी ते जेवून घेतात."

"हो. तुझ्यासारखे शेवटी जेवणारे नाहीत ते."

आता शेवटच्या महिन्याचं लिहिते.

तुमचं हृदय अशक्त झालेलं आम्हाला दोन वर्षांपासून माहीत होतं. त्यात लघवीचा त्रास झाला, ताप आला. पंकज आणि सूनबाई वैशाली तुम्हाला दवाखान्यात घेऊन गेले, मीही गेले. डॉक्टरांच्या खोलीत तुम्ही, पंकज आणि वैशाली. मी बाहेर चपलांपाशी उभी राहिले. नेहमीच राहते. आत खुर्च्या मोजक्या असतात, डॉक्टर हिंदीत भराभर बोलतात, आणि मला वाटतं आपण आत गेलो तर अडचण होईल. गोळ्या सात दिवसांच्या होत्या, सकाळी एक, रात्री एक. कशासोबत घ्यायच्या, कशासोबत नाही, ते आत सांगितलं गेलं. मी बाहेर होते.

रात्रीची गोळी पंकज द्यायचा. सकाळची मी माझ्याकडे घेतली. कुणी सांगितलं नव्हतं, मीच घेतली. नऊ वाजता ताकाचा पेला, वर जिऱ्याची पूड, आणि पेल्याच्या झाकणावर पाकिटातून कात्रीने कापलेली एक गोळी, कागदासकट. माझा हात गोळीला लागू नये म्हणून. गोळी कडू, तोंडाला चव नाही, ताकाच्या घोटाबरोबर उतरेल असं मला वाटलं. तुम्ही म्हणायचात, "ठेव, घेते." मी ठेवून आत जायचे. परत आले की पेला रिकामा आणि झाकणावर गोळी नसायची.

सात दिवसांत ताप गेला. तुम्ही उठून बसलात, पेपर वाचायला लागलात. वैशालीला कढीवरून बोललात, "किती उकळवशील तिला? सगळे जंतू मेले, आता तरी उतरव." मी मनात म्हणाले, अक्का बऱ्या झाल्या.

आणि दहा-बारा दिवसांनी सकाळी तुम्ही अंथरुणात तशाच होतात. डॉक्टर आले. म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, माताजींना कळलंही नसेल. आम्ही सगळ्यांनी ते मानलं. मीही मानलं होतं.

पाचव्या दिवशी तुमच्या मामेभावाचा दिनेश भेटायला आला. त्याचं औषधाचं दुकान आहे. चटईवर बसून विचारत होता काय झालं होतं, कुठली औषधं चालू होती. पंकजने गोळीचं नाव सांगितलं. मी पाण्याचे पेले घेऊन उभी होते. दिनेश म्हणाला, "चांगली गोळी आहे. फक्त दूध-दह्यासोबत घ्यायची नाही. दुधातलं कॅल्शियम तिला धरून ठेवतं, मग ती लागूच होत नाही. माझ्याकडे लोक येतात ना, चहासोबत, लस्सीसोबत घेतात, नंतर म्हणतात भैय्या असर नहीं हुआ."

ट्रे पुढे करायचा राहून गेला. वैशालीने तो पटकन घेतला, मला वाटतं तिला वाटलं मी रडते आहे. मी रडत नव्हते. मी मोजत होते. सात सकाळी. सात पेले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मी तुम्हाला कसं सांगू? लोक येत होते आणि मला जवळ घेऊन म्हणत होते, "सुमन, तू फार केलंस गं अक्कांचं." प्रत्येक वेळी वाटायचं ओरडून सांगावं. मी पदर तोंडाशी धरायचे. तुमचे भाऊ शेजारच्यांना सांगत होते, "हिच्या ताकावरच अक्काची दोन वर्षं निघाली." मी तिथून उठून मागच्या अंगणात गेले. अठरा वर्षं ज्या बाईने मला दही म्हणजे काय ते शिकवलं, तिलाच मी दह्याने मारलं, हे माझ्या डोक्यातून जाईना. ताप गेला होता हेही मला आठवेना. भीतीला असं काही आठवत नाही.

सहाव्या दिवशी विरजणाची वाटी उचलली आणि मोरीत ओतली. आईकडून आणलेलं विरजण होतं ते, तापीपलीकडून, जैनाबादच्या बाजूच्या आमच्या खेड्यातून. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात झाकणाच्या डब्यात घालून आणलं होतं. इतकी वर्षं एक दिवस खंड नव्हता. ओतलं आणि वर बादलीभर पाणी टाकलं.

बाराव्या दिवशी दुपारी वैशाली मोठ्या पातेल्यात दूध तापवून बसली होती. तेराव्याला जेवणात कढी करायची असं बायकांनी ठरवलं होतं, अक्कांच्या नावाने सुमनच्या दह्याची कढी. ती म्हणाली, "मम्मी, दूध कोमट झालंय. तुमची करंगळी बुडवा ना, मला नाही कळत. आणि विरजणाचं जामन कुठाय?"

"नाही ते."

"नाही म्हणजे?"

"टाकलं मी."

"टाकलं? मम्मी, तुम्ही? तुम्ही तर माहेरी जाताना पण मला दहा वेळा फोन करता जामन सांभाळ म्हणून!"

तिने गॅस बंद केला आणि माझ्यासमोर खाली बसली. "काय झालंय? पाच-सहा दिवस बघतेय मी. तुम्ही जेवत नाही, तुमची वाटी पण उपडी पडलीय."

"मी दही लावणार नाही आता."

"क्यों?"

तिचा तो 'क्यों' इतका साधा होता की माझ्या तोंडून निघून गेलं. "अक्कांना मी रोज गोळी ताकासोबत दिली. दिनेश म्हणाला तशी ती लागूच होत नाही. अक्का माझ्यामुळे गेल्या."

अक्का, मी आयुष्यात एवढं लांब वाक्य घरात कुणाला एका दमात बोलले नसेन.

वैशालीने कपाळाला हात लावला. "अरे देवा. मम्मी! आत्यांनी एक पण गोळी ताकासोबत नाही घेतली."

"मी ठेवून जायचे. परत आले की नसायची."

"नसायची, कारण त्या चष्म्याच्या डबीत टाकायच्या. मी सकाळी सहाला त्यांना गरम पाणी द्यायचे ना? तेव्हा घ्यायच्या, पाण्यासोबत. आदल्या दिवशी तुम्ही दिलेली गोळी दुसऱ्या दिवशी सहाला. पहिल्या दिवशीची माझ्याकडून पाकिटातून मागून घेतली. डॉक्टरने सांगितलं होतं ना सगळं, दही-दुधाच्या दोन घंटे आधी घ्या म्हणून. आत्यांना तर डॉक्टरच्या आधी माहीत होतं. डॉक्टरलाच समजावत होत्या कॅल्शियम कसं पकडतं ते!"

मी म्हणाले, "खोटं बोलू नकोस माझ्या समाधानासाठी."

ती उठली. तुमच्या खोलीत गेली, तुमच्या पेटीवरून चष्म्याची काळी डबी घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "उघडा. शेवटच्या दिवशीची तुम्ही दिली ती उरली असणार. तोपर्यंत त्यांच्या सातही झाल्या होत्या."

मी उघडली. चष्मा होता. चष्म्याखालच्या मखमलीवर एक गोळी होती, कागदातली, न फोडलेली, माझ्या कात्रीने कापलेली. एक कोपरा तिरका कापला गेला होता. मला आठवलं, त्या दिवशी कात्री बोथट लागली होती.

तेव्हा मी रडले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मोठ्याने. यांनी बाहेरून विचारलं, काय झालं, तर वैशाली म्हणाली, "काही नाही पप्पा, रडू द्या."

तिला नंतर विचारलं, मला का सांगितलं नाही. म्हणाली तुम्ही शपथ घातली होती. तुम्ही म्हणाला होतात, "सुमनला चूक सांगितली की ती हातातलं कामच सोडून देते. उद्यापासून ताकच आणणार नाही, आणि कोपऱ्यात जाऊन बसेल. रोज मोठ्या हक्काने ती माझ्यासमोर एवढी एकच गोष्ट ठेवते. ती ठेवू दे. गोळीचं माझं मी बघते."

अक्का, यावर मला तुमच्याशी भांडायचं आहे.

तुम्ही बरोबर नव्हतात. निवळी ओतताना तुम्ही माझा हात धरलात, पातेलं उन्हात नेलं तर सांगितलंत, तोंड फाटलं तर पदर काढायला लावलात. मग हेच का नाही? मी दोन दिवस कोपऱ्यात बसले असते, तिसऱ्या दिवशी उठले असते. स्टीलमधून उजेड जात नाही म्हणणारी बाई गोळी पाण्यासोबत द्यायची हे शिकली नसती का? तुम्हाला वाटलं मी मोडेन. आणि मी नंतर मोडलेच, तेही तुम्ही समोर नसताना. एकदा मला चूक सांगून बघायची होती अक्का. मी चौथीनंतर शाळा सोडली ती भाऊ झाला म्हणून, नापास होऊन नाही.

हे लिहून झाल्यावर बरं वाटलं. राग आहे, पण हलका आहे. या रागाखाली मी त्या दिवसापासून पुन्हा पुन्हा तेच बघते आहे, तुम्ही भिंतीकडे तोंड करून पेपर वाचता आणि मी आत जाते, आणि तेवढ्या वेळात तुम्ही हळूच डबी उघडता, गोळी टाकता, ताक पिऊन पेला रिकामा करता. ताक मात्र खरंच प्यायचात ना? वैशालीला तेही विचारलं. म्हणाली, "मम्मी, बोटाने पुसून प्यायच्या."

तेराव्याला पाकिटाचं दही आलं. कढी बरी झाली. तुम्ही असतात तर आधी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली असती, आणि मग कढी किती उकळली यावरून वैशालीला बोलला असतात. कुणी बोललं नाही म्हणून तिने स्वतःच लवकर उतरवली.

दुसऱ्या दिवशी यांच्या रक्तदाबाची गोळी बदलली. दिनेशच्या दुकानात गेलो होतो, हे आणि मी. गर्दी होती. मी पायरीवर उभी राहिले होते, नेहमीसारखी. दिनेशने पुडी यांच्या हातात दिली. मी दोन पायऱ्या चढले. लोक होते, तरी विचारलं, "ही ताकासोबत चालते का?"

माझा आवाज बारीक आला असावा, कारण तो म्हणाला, "काय काकू?"

मी पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा सगळ्यांनी वळून पाहिलं.

तो म्हणाला, "हिला चालतं काकू. पण विचारलंत ते बरं केलंत." घरी आल्यावर हे दारात म्हणाले, "तुझा आवाज दुकानात किती वेगळा लागतो."

विरजण कुणाकडून मागून आणता आलं असतं. गल्लीत निम्म्या घरांत माझंच आहे. पण मला मुळापासून लावायचं होतं. माझी आई हिरव्या मिरच्यांचे देठ कोमट दुधात टाकून दही लावायची, विरजण बिघडलं की. तुम्ही मला सांगितलं होतं, देठांवर ते जंतू असतात, त्यात जादू नाही, पण पहिल्या वेळचं खायचं नाही, त्याने दुसरं लावायचं, आणि दुसऱ्याने तिसरं. मी तसंच केलं. करंगळी बुडवली, आणि मग तुमचं थर्मामीटरही बुडवलं. करंगळी जे म्हणत होती तेच आकडाही म्हणत होता. तुम्हाला राग आला असता.

पहिलं पातळ झालं, वास वेगळा होता. दुसरं बरं होतं, थोडी तार होती. आज तिसरं लागलं.

वैशालीने पातेलं उचलून पाहिलं. "मम्मी, उलटं करू?"

"नको गं, सांडशील."

"तुम्ही म्हणायचात ना, तुमचं पडत नाही."

"ते जुन्याचं म्हणायचे. याला अजून वळण लागायचंय."

मी तुमची डबी पेटीवर परत ठेवली आहे. गोळी काढून टाकली नाही. दही वाटायच्या आधीच मी माझी वाटी भरून ठेवली, नाव लिहिलेली. वर एका बाजूला थोडी निवळी सुटली होती. खिडकीपाशी धरली, हिरवट दिसली. आधी ती प्यायले. मग दही खाल्लं, तिथेच, ओट्यापाशी. वैशाली समोर बसून भाजी निवडत होती. तिने पाठ केली नाही आणि मीही पदर धरला नाही.